रिमोट ‘आपोआप’ चालू होतो : एका डस्ट कलेक्टरचं प्रकरण

तक्रार एका वाक्याची होती. “रिमोट खराब आहे, कलेक्टर आपोआप चालू होतो, आपोआप बंद होतो, चांगल्या कंपनीचा रिमोट बसवून द्या.” पुण्याच्या दक्षिणेला, नऱ्हे-धायरीच्या पट्ट्यात मॉड्युलर फर्निचर बनवणारं हे वर्कशॉप. पत्र्याची शेड, थ्री-फेज कनेक्शन, एक सरकत्या टेबलाचा पॅनेल सॉ, एक रंधा मशीन, एक बँड सॉ, आणि या तिघांसाठी मिळून एकच ३ एचपीचा दोन पोत्यांचा डस्ट कलेक्टर, म्हणजे मशीनवरचा भुसा पाइपातून ओढून पोत्यांत भरणारं यंत्र. माझं काम कंट्रोल पॅनेल बनवण्याचं. रिमोट बदलून देणं हा अर्ध्या तासाचा मामला होता. प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण रिमोटमध्ये काहीही बिघाड नव्हता आणि तरीही तक्रार शंभर टक्के खरी होती.

आधी रिमोट का बसवला ते पाहू. कलेक्टरचा आवाज मोठा, म्हणून तो शेडच्या मागच्या कोपऱ्यात पार्टिशनच्या पलीकडे ठेवलेला. स्टार्टरही तिथेच भिंतीवर. पॅनेल सॉपासून तिथपर्यंत चाळीसेक फूट चालायचं, वाटेत प्लायच्या थप्प्या. परिणाम दोनच होऊ शकतात आणि इथे दोन्ही आळीपाळीने होत होते. कधी सकाळी एकदा चालू केलेला कलेक्टर संध्याकाळपर्यंत घोंघावत राहायचा; पूर्ण भारावर ही मोटर तासाला सुमारे अडीच युनिट खाते. कधी “दोनच तर कट मारायचेत” म्हणून कलेक्टर चालूच केला जायचा नाही, आणि एमडीएफचा पिठासारखा भुसा शेडभर तरंगायचा.

दुसरा प्रकार जास्त वाईट. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि एमडीएफमध्ये वर फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनची भर असते. म्हणजे कलेक्टर चालू करणं जितकं सोपं, तितका तो वापरला जाणार. रिमोटची कल्पना मुळात योग्यच होती. ‘ही असली खेळणी कारखान्यात नकोत’ असं म्हणणारे काही जुने इलेक्ट्रिशियन भेटतात. मला ते पटत नाही. चाळीस फूट चालायला लावणारा स्टार्टर हाही धोकाच आहे, फक्त तो फुप्फुसात जातो.

मालकाने ऑनलाइन एक रिमोट स्विच मागवला होता. एका चॅनेलचा रिसीव्हर, ४३३ मेगाहर्ट्झचा, वर ठळक ‘३० अँपिअर’ लिहिलेलं, सोबत एका बटणाचे दोन रिमोट. गावातल्याच वायरमनने तो स्टार्टरच्या डब्यात जोडून दिला. पहिले काही आठवडे सगळे खूश होते.

तीन वेगवेगळे ‘आपोआप’

पहिला संशय शेजारच्या वर्कशॉपवर होता. त्यांच्याकडेही तसलाच रिमोट. “त्यांनी बटण दाबलं की आपलं चालू होतं,” हेडमिस्त्री ठामपणे म्हणाला. तपासायला सोपं होतं. या स्वस्त रिमोटांत बहुधा ईव्ही १५२७ जातीची चिप असते. तिचा कोड २० बिटांचा, म्हणजे दहा लाखांहून जास्त शक्यता. शेजाऱ्याचा कोड जुळणं अशक्य नाही, पण लॉटरी लागण्यासारखं. तरी खात्री केलेली बरी, म्हणून दोन्ही रिमोटचे सेल काढून घेतले आणि रिसीव्हर दिवसभर तसाच जोडून ठेवला. शेजारी दिवसभर काम चाललं, त्यांनी त्यांचा रिमोट हवा तितका वापरला. इकडे कलेक्टर ढिम्म.

मात्र दुपारी वीज गेली. ती परत आल्यावर मी रिसीव्हर हाताने चालू स्थितीत आणून ठेवला, मेन एमसीबी पाडला आणि पुन्हा उचलला. कलेक्टर कुणी न सांगता फिरायला लागला. हा पहिला ‘आपोआप’. रिसीव्हरला मेमरी होती. वीज जाण्याआधी ज्या स्थितीत होता त्याच स्थितीत तो परत यायचा. खोक्यावर हा गुण म्हणून छापलेला होता, आणि ट्यूबलाइटसाठी तो गुणच आहे. मोटरसाठी नाही. स्टार्टरमध्ये वीज गेल्यावर कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरची लाइन जोडणारा कॉइलवरचा स्विच, सुटतो आणि वीज आल्यावर कुणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत सुटलेलाच राहतो, ही सोय याच कारणासाठी असते. रिमोटने ती काढून घेतली होती.

दुसरा ‘आपोआप’ सापडायला मात्र मशीनजवळ नुसतं उभं राहून बघावं लागलं. मिस्त्री बटण दाबतो. कलेक्टर पार्टिशनच्या मागे. त्याचा इंपेलर, म्हणजे आतला पंखा, जड; पूर्ण वेगाला यायला चारपाच सेकंद लागतात, आणि पॅनेल सॉ आधीच चालू असेल तर तो आवाज त्यात बुडून जातो. मिस्त्रीला वाटतं लागला नाही. तो परत दाबतो. एकाच बटणाचा रिमोट, दर दाबाला स्थिती उलटी होते; म्हणजे दुसऱ्या दाबाने कलेक्टर बंद. मिस्त्री कट मारायला लागतो, भुसा उडतो, मग ओरडा : “शेठ, फिर बंद हो गया!” त्यातच दोन रिमोट, एक पॅनेल सॉवर, एक रंध्यावर. रंध्यावरचा माणूस आपल्यासाठी चालू करायला बटण दाबतो आणि सॉवाल्याचा कलेक्टर बंद करतो. दोघांपैकी कुणालाच कलेक्टरची सध्याची स्थिती दिसत नाही. उलटसुलट करणारं एक बटण आणि डोळ्याआड असलेलं यंत्र ही जोडी एका माणसाच्या गॅरेजमध्ये कदाचित चालून जाईल. दोन माणसं झाली की चालत नाही.

तिसरा : रिमोट खिशात. शर्टाच्या किंवा पॅन्टच्या खिशात रिमोट ठेवून टेबलाच्या कडेला टेकलं की बटण दाबलं जातं. हे मी पाहिलं नाही, पण हेल्परने स्वतःच करून दाखवलं, हसत हसत.

मग चहाच्या वेळी तोच हेल्पर सहज बोलून गेला. काही दिवसांपूर्वी कलेक्टरच्या तोंडाशी जाळीत लाकडाची एक लांब ढलपी अडकली होती. कलेक्टर ‘रिमोटने बंद’ होता, म्हणून त्याने पाइप काढला, ढलपी ओढली आणि पाइप परत बसवत असताना इंपेलर फिरायला लागला. रंध्यावरच्या माणसाने बटण दाबलं होतं. हात तेव्हा बाहेर होता. ही गोष्ट मालकाला कुणी सांगितलीच नव्हती. कुणाला लागलं नाही, तर सांगायचं काय?

या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं हेच होतं आणि ते तक्रारीत कुठेच नव्हतं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा, १९४८ च्या कलम २४ मध्ये एक उपकलम होतं : शक्ती तोडणारं साधन चुकून ‘बंद’वरून ‘चालू’वर जाऊ शकत असेल, तर ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची व्यवस्था हवी. एवढ्याशा वर्कशॉपला कोणता कायदा किती लागू पडतो हा वेगळा विषय. पण ज्यांनी हे वाक्य लिहिलं त्यांच्यासमोर रिमोट नव्हते, तरी रिमोटला ते तंतोतंत बसतं. खिशात दाबलं जाणारं बटण म्हणजे चुकून चालू होणारं साधन, आणखी काय.

डबा उघडल्यावर

स्टार्टर साधा डीओएल, म्हणजे मोटर थेट लाइनवर घेणारा. त्याची रीत सगळ्यांना माहीत असते, तरी एकदा लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हिरवं बटण दाबलं की कॉन्टॅक्टरची कॉइल ओढते. कॉन्टॅक्टरचाच एक छोटा सहायक पॉइंट मग त्या कॉइलचा सप्लाय धरून ठेवतो, बटण सोडलं तरी. ही साखळी तीन ठिकाणी तुटते : लाल बटण दाबलं तर, वीज गेली तर, आणि ओव्हरलोड रिलेचा ९५-९६ नंबरचा पॉइंट उघडला तर. शेवटचं नीट लक्षात घ्यायला हवं. ओव्हरलोड रिलेमधून मोटरचा करंट जातो, तो फार वाढला की त्यातल्या पट्ट्या तापून वाकतात. पण तो रिले मोटरची लाइन स्वतः तोडत नाही. तो फक्त ९५-९६ उघडतो आणि कॉन्टॅक्टरची कॉइल सोडवतो. तो पॉइंट साखळीत नसेल, तर रिले नुसता शोभेचा.

वायरमनने रिसीव्हरचं आउटपुट सरळ कॉइलला नेलं होतं. हिरवं-लाल बटण बायपास, धरून ठेवणारा पॉइंट बायपास, आणि ९५-९६ सुद्धा बायपास. कलेक्टर चालू असताना मी ओव्हरलोड रिलेवरचं छोटं टेस्ट बटण दाबलं. टक् असा आवाज आला, आणि मोटर चालतच राहिली. मालक शेजारी उभा होता. त्याला विचारलं, “एखादा फेज गेला तर काय होईल?” तो म्हणाला, “ट्रिप होईल ना?” टक् आवाज होईल, इतकंच. थ्री-फेज मोटर दोन फेजवर चालत राहिली की उरलेल्या वाइंडिंगमधला करंट वाढतो आणि ती जळते. पावसाळ्यात फेज जाणं आपल्याकडे नवलाचं नाही. ही मोटर तोवर जळली नव्हती, हा निव्वळ योग.

वायरमनला दोष देण्यात मला रस नाही. त्याच्यासमोर एक खोकं होतं, त्यावर ‘इनपुट’ आणि ‘आउटपुट’ लिहिलेलं होतं, आणि त्याने इनपुटला वीज व आउटपुटला कॉइल जोडली. ट्यूबलाइटची जोडणी अशीच होते.

‘३० अँपिअर’बद्दलही इथेच सांगून टाकतो, कारण बाजारात सगळे याच आकड्यावर रिमोट निवडतात. असा आकडा बहुतेक वेळा हीटरसारख्या साध्या भारासाठी असतो. मोटर सुरू होताना सहासात पट करंट ओढते. २ एचपीची सिंगल-फेज मोटर चालताना दहाएक अँपिअर घेते, पण सुरुवातीच्या क्षणांत पन्नास-साठ. रिलेचे पॉइंट त्या क्षणी टेकताना उसळतात, ठिणगी पडते, आणि एक दिवस ते चिकटतात. मग रिमोटचं ‘बंद’ दाबलं की रिसीव्हरचा दिवा विझतो, क्लिकही ऐकू येतं, मोटर मात्र चालू. कॉन्टॅक्टरवर म्हणूनच एसी-१ आणि एसी-३ असे दोन वेगळे आकडे छापलेले असतात. मोटरसाठी दुसरा बघायचा. या वर्कशॉपमध्ये निदान कॉन्टॅक्टर मध्ये होता, त्यामुळे रिसीव्हरवर भार फक्त कॉइलचा पडत होता, अर्ध्या अँपिअरच्याही आतला. म्हणजे ३० अँपिअरचा रिले तिथे गरजेचाच नव्हता, आणि जिथे लोकांना तो गरजेचा वाटतो तिथे तो पुरत नाही.

काय करायचं यावरची वादावादी

मालकाचा पहिला प्रस्ताव वाय-फायचा होता. मोबाइलवर अ‍ॅप, घरी गेल्यावरही दिसेल, विसरला असेल तर घरून बंद करता येईल. ‘बंद’पर्यंत माझी हरकत नव्हती. पण जे अ‍ॅप बंद करतं ते चालूही करतं, आणि शेडमध्ये कुणी पोतं बदलत असताना घरून बोट लागलं तर? यंत्र चालू करणाऱ्याला यंत्र, निदान यंत्राच्या आसपासची जागा, दिसली पाहिजे. शिवाय इंटरनेट गेलं की मिस्त्री परत चाळीस फूट चालणार, म्हणजे चालू करणारच नाही.

दुसरा विचार : प्रत्येक गेटला मायक्रोस्विच. मशीनच्या पाइपवरचं सरकतं गेट उघडलं की कलेक्टर सुरू. कल्पना सुंदर आहे आणि गेट उघडायला विसरण्याचा प्रश्नही सुटतो. पण भुसा मायक्रोस्विचमध्ये जातो, गेट अर्धवट बंद राहतं, आणि मग चौथा ‘आपोआप’ जन्माला येतो. इथली गेटं पत्र्याची, हाताने बनवलेली, थोडी वाकडी. सोडून दिलं.

तिसरा मला सगळ्यात आवडलेला, आणि पॅनेल सॉपुरता तोच केला : रिमोटच नको. सॉच्या कॉन्टॅक्टरवर एक मोकळा सहायक पॉइंट होता. सॉ चालू झाला की तो पॉइंट मिटतो. त्यावरून कलेक्टरला सांगायचं की चालू हो. वर्कशॉपचं निम्म्याहून जास्त काम पॅनेल सॉवर होतं, आणि सगळ्यात बारीक भुसा तिथेच. त्यासाठी चाळीस फूट कंड्युट, म्हणजे वायरचा पाइप, ओढावं लागलं. मालक म्हणाला, वायर ओढायची नव्हती म्हणून तर रिमोट घेतला होता. खरं आहे. पण एकदा ओढलेली दोन कोअरची केबल पुढे सेल मागत नाही.

रंधा आणि बँड सॉ यांच्यासाठी मात्र रिमोटच ठेवला. ती मशीनं कधीमधी चालतात आणि बँड सॉ जागा बदलत असतो.

बसवलेलं सर्किट

मूळ धोरण असं ठरलं की रिमोटने मोटर चालवायची नाही. रिमोटने फक्त बटण दाबायचं. नवा रिसीव्हर दोन चॅनेलचा घेतला आणि तो ‘क्षणिक’ पद्धतीवर लावला, म्हणजे रिमोटचं बटण दाबलेलं असेपर्यंतच त्याचा रिले ओढतो, सोडलं की सुटतो. त्याला लक्षात ठेवण्यासारखं काही उरतच नाही. पहिल्या चॅनेलचा एरवी उघडा असणारा पॉइंट हिरव्या बटणाला समांतर. दुसऱ्या चॅनेलचा एरवी मिटलेला असणारा पॉइंट धरून ठेवणाऱ्या साखळीत एकामागे एक. रिमोटवर दोन वेगळी बटणं : एकाने नेहमी चालू, दुसऱ्याने नेहमी बंद. चालू असताना ‘चालू’ दहा वेळा दाबा, काही फरक पडत नाही. एवढ्या एका बदलाने दुसरा ‘आपोआप’ संपला.

ही साखळी आता मोटरच्या कॉन्टॅक्टरवर नसून एका छोट्या प्लग-इन रिलेवर आहे. त्याचं कारण टायमर. रिमोट हातात आल्यापासून मिस्त्री प्रत्येक कटनंतर कलेक्टर बंद करायला शिकले होते. बचत म्हणून ठीक, मोटरच्या दृष्टीने वाईट. जड इंपेलर दर वेळी शून्यापासून उचलायचा म्हणजे मोटर आणि ओव्हरलोडच्या पट्ट्या तापत जाणार, आणि ९५-९६ नीट जोडल्यावर ओव्हरलोड खरोखरच ट्रिप होणार. मग कुणीतरी त्याचं सेटिंग वाढवणार. म्हणून ऑफ-डिले टायमर घातला, दीड मिनिटावर. छोटा रिले ओढलेला असेल किंवा सॉ चालू असेल, यांतलं काहीही एक असलं की टायमर कॉन्टॅक्टर ओढतो. दोन्ही गेले की दीड मिनिट थांबून सोडतो. मधल्या वेळात पुढचा कट आला तर कलेक्टर थांबतच नाही.

पाइपातली हवा साफ व्हायला दीड मिनिट लागत नाही. भुसा वाहून न्यायला साधारण सेकंदाला २० मीटर वेग धरतात. त्या वेगाने बारा मीटरचा पाइप सेकंदाच्या आत रिकामा होतो. पण सॉचं पातं बंद केल्यावरही काही सेकंद फिरत राहतं, आणि टेबलाखालच्या डब्यातला भुसा सावकाश सुटतो. म्हणजे दहा-पंधरा सेकंद भुशासाठी आणि बाकी सगळं मोटरसाठी.

टायमरमुळे नवी अडचण आली, आणि ती अपेक्षित होती. ‘बंद’ दाबलं तरी कलेक्टर बंद होत नाही, म्हणून मिस्त्री बटण दाबतच राहायचे. त्यासाठी छताच्या कैचीवर, तिन्ही मशीनवरून दिसेल असा मोठा पिवळा दिवा लावला. कलेक्टर चालू असेल तर सलग पेटतो, दीड मिनिटाची मुदत चालली असेल तर उघडझाप करतो. माझ्या मते या सगळ्या कामात पैशाच्या मानाने सगळ्यात मोलाची वस्तू हा दिवा. कलेक्टर डोळ्याआड आहे ही मूळ अडचण रिमोटने कधी सोडवलीच नव्हती.

ताबडतोब थांबवायचं असेल तर काय? कलेक्टरच्या पॅनेलवर आणि सॉजवळ प्रत्येकी एक लाल मशरूम बटण, दाबलं की अडकून राहणारं, वायरने जोडलेलं. ते आणि ९५-९६ अख्ख्या कंट्रोल लाइनच्या तोंडाशी आहेत. तिथे साखळी तुटली की छोटा रिले, टायमर, कॉन्टॅक्टर सगळं एकदम मरतं आणि टायमरची उरलेली मुदतही पुसली जाते. आणीबाणीचं बंद कधीही रेडिओवर सोपवायचं नाही. रिमोटचा सेल संपलेला असू शकतो; बारा व्होल्टचा तो बोटभर सेल, दुकानात २३ए किंवा २७ए म्हणून मिळतो, संपताना आधी पल्ला कमी होतो आणि मग एक दिवस काहीच होत नाही.

पल्ल्यावरून आठवलं. जुना रिसीव्हर पत्र्याच्या डब्यात होता आणि त्याची अँटेना आतच गुंडाळलेली. पत्र्याच्या आत रेडिओ पोचणार कसा? नवा रिसीव्हर बाहेर, प्लास्टिकच्या डब्यात, जीआय पाइपपासून दूर बसवला आणि अँटेनाची वायर सरळ उभी सोडली. ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्सा सुमारे १७ सेंटीमीटर होतो, तेवढीच वायर. कॉइलवर एक आरसी स्नबर लावला, कारण कॉन्टॅक्टर सुटताना कॉइल जो झटका परत फेकते त्याने असे रिसीव्हर गोंधळतात. रिमोट खिशातून काढून मशीनवर गेले : प्रत्येकाच्या पाठीला चुंबक, मशीनच्या बॉडीला चिकटतो, काम करणाऱ्याच्या डाव्या हाताशी.

आणि कुलूप. कलेक्टरशेजारी, पोत्यांच्या हाताशी, कुलूप लागणारा आयसोलेटर, म्हणजे वीज पूर्ण तोडणारा हाताचा स्विच. पोतं बदलायचं, जाळी साफ करायची, तर आधी तो पाडायचा, आपलं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. कंट्रोलची वीजही याच आयसोलेटरच्या पुढून घेतली आहे, त्यामुळे तो पाडला की रिसीव्हरसुद्धा मेला. रिमोट कुणीही कितीही दाबो. हेल्परला हे एकदाच समजावलं. त्याला पटवावं लागलं नाही.

चाचणी आणि राहिलेला वाद

जोडणी झाल्यावर प्रत्येक ‘आपोआप’ मुद्दाम घडवून पाहिला. चालू कलेक्टरची वीज पाडून परत दिली, बंदच राहिला. ओव्हरलोडचं टेस्ट बटण दाबलं, कॉन्टॅक्टर सुटला. चालू असताना रिसीव्हरची वीज काढली; कलेक्टर चालत राहिला आणि मशरूमने थांबला. दोन रिमोट एकाच वेळी दाबले. रिमोट खिशात ठेवून टेबलाला टेकलो. ‘चालू’ अजूनही लागू शकतं, पण वर दिवा पेटतो आणि कुलूप असेल तर काही होत नाही. हा धोका शून्य झालेला नाही, तो उपद्रवापुरता उरला आहे.

क्लॅम्प मीटर लावून अँपिअर बघताना मालकाला एक गोष्ट दाखवली जी बहुतेकांना उलटी वाटते. सगळी गेटं बंद केली की मोटरचे अँपिअर वाढत नाहीत, उतरतात; सगळी उघडली की चढतात. पंखा जितकी हवा ढकलतो तितकं काम करतो, गेटं बंद म्हणजे हवा जागेवरच घुसळते. त्यामुळे “गेट बंद असताना मोटरवर लोड येतो” ही मिस्त्रींची समजूत चुकीची होती, आणि याच समजुतीपायी ते न लागणारी गेटंही उघडी ठेवत. सगळीकडून थोडं थोडं ओढलं की कुठल्याच पाइपात पुरेसा वेग राहत नाही आणि भुसा आडव्या पाइपात साचतो. ओव्हरलोड मोटरच्या प्लेटवरच्या आकड्यावर सेट करून रिसेट ‘हँड’वर ठेवला, ‘ऑटो’वर नाही, थंड झाल्यावर स्वतःहून जोडला जाणारा ओव्हरलोड म्हणजे पुन्हा तेच दुखणं.

एक मुद्दा मात्र वादाचा राहिला. सॉ चालू असताना कलेक्टर ओव्हरलोडने पडला, मग कुणी रिसेट दाबला, तर सॉचा पॉइंट मिटलेला असल्याने कलेक्टर त्याच क्षणी फिरायला लागेल, आणि रिसेट दाबणारा तर इंपेलरजवळच उभा. हे टाळायला एक रिले आणखी घातला : कलेक्टरची कंट्रोल लाइन मेली की सॉही थांबतो. सॉ परत चालू करायला त्याचं स्वतःचं हिरवं बटण दाबावं लागतं, त्यामुळे रिसेटवर काहीच आपोआप फिरत नाही.

हेडमिस्त्रीला हे मान्य नाही. अर्ध्या कटात सॉ थांबला तर लॅमिनेटची कड जाते, आणि कलेक्टर दुरुस्तीला गेला तर अख्खं वर्कशॉप बंद, असं त्याचं म्हणणं. दुसरा मुद्दा रास्त आहे. माहीत आहे की मी हो म्हटलं नाही, तर कुणीतरी वायरचा तुकडा टाकून तो रिले बायपास करील, आणि तो तुकडा मग कायमचा तिथेच राहील. म्हणून किल्लीचा स्विच दिला : किल्ली फिरवली की सॉ कलेक्टरशिवाय चालतो, आणि तेवढा वेळ पिवळ्या दिव्याशेजारी एक लाल दिवा पेटलेला असतो. किल्ली सध्या मालकाच्या ड्रॉवरमध्ये आहे. हेडमिस्त्री म्हणतो, शेठ साइटवर गेले की काम अडतं, किल्ली माझ्याकडे द्या. मालकाचा कल द्यावी याकडे आहे, माझा नाही. निदान ती दिली तर लाल दिवा कोणत्या दिवशी किती वेळ पेटला हे कुणीतरी वहीत लिहावं, इतकं मी सुचवून ठेवलं आहे.